बारावीला बायोलॉजी होतं का? नोकरी सोडून ऑक्युपेशनल थेरपीकडे वळताना

निपाणीची माझी आत्या चाळीस वर्षं विड्या वळत होती. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, भिजवून कापलेली पानं, आणि बोटं अशी चालायची की बघणाऱ्याला ती मोजता येऊ नयेत. पक्षाघाताचा झटका आला आणि तिचा उजवा हात लुळा पडला. दोन महिन्यांत ती काठी धरून चालू लागली तेव्हा घरच्यांना वाटलं, सुटली बाई. खरं तिला पोलक्याचे हूक लावता येईनात, वेणी घालता येईना, भाकरी थापता येईना. दिवसभर भिंतीला टेकून बसायची.

दवाखान्यातल्या एका थेरपिस्टने तिला विचारलं, "मावशी, आजारी पडायच्या आधी सकाळी उठल्यापासून काय काय करत होतासा?" आत्याने सगळं सांगितलं. पुढच्या वेळी त्यांनी घरचं सूप घेऊन यायला लावलं. सुरुवात केली ती पुठ्ठ्याच्या मोठ्या तुकड्यापासून. तो फक्त गुंडाळायचा. मग जाड कागद, मग खरं पान आणि शेवटी दोरा. चार महिन्यांनी आत्या दिवसाला मोजून वीस-पंचवीस विड्या वळायची. त्यावर पोट भरत नव्हतं, खरं ज्या चिमटीत पान धरायची त्याच चिमटीत आता पोलक्याचा हूक धरता येत होता.

तेव्हा मी चिक्कोडीकडच्या एका साखर कारखान्यात लॅब केमिस्ट होते. गळीत हंगाम संपला होता, हाताशी वेळ होता, म्हणून आत्याबरोबर दवाखान्यात मीच जायची. उसाच्या रसाचा ब्रिक्स काढणारी मी त्या पुठ्ठ्याच्या तुकड्याकडे बघत बसायची. सत्ताविसाव्या वर्षी नोकरी सोडून मी ऑक्युपेशनल थेरपी शिकायला गेले. आज बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुलं-मुली मला फोन करून विचारतात, "आम्हाला जमेल काय?" त्यांना जे सांगते ते इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी नावाचा गुंता सोडवू. सरकारी मराठीत या शास्त्राला 'व्यवसायोपचार' म्हणतात आणि तिथेच लोक फसतात. त्यांना वाटतं, हे नोकरीधंद्याशी संबंधित काहीतरी असणार. इथे व्यवसाय म्हणजे माणूस दिवसभर ज्यात गुंतलेला असतो ते सगळं: आंघोळ, जेवण, शाळेत लिहिणं, माग चालवणं, नातवाला खेळवणं. दवाखान्यात 'ओटी' म्हटलं की ऑपरेशन थिएटर समजतात, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. फिजिओथेरपीशी याचं नातं सख्ख्या भावंडांचं आहे. फिजिओथेरपिस्टचा भर स्नायूंची ताकद, सांध्यांची हालचाल, तोल आणि चालणं यांवर असतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट तिथून पुढे जाऊन बघते की त्या हालचालीतून माणसाला त्याचं रोजचं काम करता येतंय का. येत नसेल तर हात सुधारायचा, नाहीतर कामाची रीत बदलायची, नाहीतर वस्तू बदलायची. चमच्याची मूठ जाड करायची, मनगटाला स्प्लिंट, म्हणजे आधाराची पट्टी, बनवून द्यायचा, चूल जमिनीवरून ओट्यावर आणायची. सेरेब्रल पाल्सीची, ऑटिझमची मुलं, मानसिक आजारातून सावरणारी माणसं, कारखान्यात बोटं गमावलेले कामगार, हे सगळे आमच्याकडे येतात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीची भट्टी किंवा प्रेस मशीन जवळून पाहिलेल्या माणसाला त्यातलं शेवटचं फार फोडून सांगावं लागत नाही.

भारतात याची सुरुवात मराठी मुलुखातच झाली, हे आपल्याकडे फार जणांना ठाऊक नसतं. कमलाबाई निंबकर मूळच्या अमेरिकन. लग्न करून इकडे आल्या आणि १९५० मध्ये मुंबईच्या के.ई.एम. हॉस्पिटलात त्यांनी व्यवसायोपचाराचं शिक्षण सुरू केलं. १९५२ मध्ये ऑल इंडिया ऑक्युपेशनल थेरपिस्ट्स असोसिएशन स्थापन झाली. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्याच नावाची आहे.

आता मुद्द्यावर येते. फोन करणारा सगळ्यांत आधी वय सांगतो. मग म्हणतो, मी बी.ई. आहे, मी बी.कॉम. आहे, मी बँकेत आहे. मी उलटा एकच प्रश्न विचारते: सेकंड पीयूला, म्हणजे कर्नाटकातल्या बारावीला, बायोलॉजी होतं का?

याचं कारण असं. आपल्या देशात ऑक्युपेशनल थेरपीची पहिली पदवी बारावीनंतरच मिळते. अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी साडेचार वर्षांचा, म्हणजे चार वर्षं शिक्षण आणि सहा महिने इंटर्नशिप असा राहिला आहे. तुमच्याकडे दुसऱ्या विषयाची पदवी असली, एम.बी.ए. असलं, तरी मधल्या पायरीवरून आत शिरता येत नाही. मास्टर्सला हीच पदवी लागते. म्हणजे तुम्ही इंजिनिअर असा की तहसील कचेरीतले कारकून, अर्ज करताना तुम्ही बारावी पास विद्यार्थी असता आणि तुमच्या बारावीतले फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हे तीन विषय मुख्यतः बघितले जातात. बहुतेक ठिकाणी खुल्या वर्गाला या तिन्हींत मिळून ५० टक्के लागतात, राखीव वर्गांना काही सूट असते.

आपल्या भागात यातून वेगळेच पेच निघतात. पीयूला पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी) घेतलेल्याची वाट मोकळी आहे, मग पुढे तो बी.ई. झालेला का असेना. खरं त्याच वर्गातल्या शेजारच्या बाकावरच्या मुलाने पीसीएमसी घेतलं असेल, म्हणजे बायोलॉजीच्या जागी कॉम्प्युटर सायन्स, तर त्याच्याकडे तीनातला एक विषय कमी. आणि एस.एस.एल.सी. (दहावी) नंतर डिप्लोमा करून, लॅटरल एंट्रीने, म्हणजे थेट दुसऱ्या वर्षाला शिरून, इंजिनिअर झालेल्याने पीयू केलेलंच नसतं. हातात इंजिनिअरिंगची पदवी आहे आणि बारावीच नाही, हे फोनवर ऐकताना लोक गप्प होतात. मला त्यांचं वाईट वाटतं, पण वर्ष वाया जाण्याआधी कळलेलं बरं.

यातून रस्ता आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एन.आय.ओ.एस., बारावी पास झालेल्याला हवे ते विषय जादा म्हणून द्यायची सोय देते. तिची सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. पीसीएमसीवाल्याने एकटं बायोलॉजी द्यावं, कॉमर्सवाल्याने तिन्ही विषय, आणि डिप्लोमावाल्याने पूर्ण बारावी. प्रॅक्टिकल चुकवू नका, कारण प्रॅक्टिकलसह पास झालेला विषयच धरला जातो. पूर्वी अशा जादा विषयाला 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी मान्यता द्यायची की नाही यावर कोर्टकचेऱ्या झाल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने बारावीनंतर जादा घेतलेलं बायोलॉजी चालेल असं जाहीर केलं, तेव्हा हा काटा निघाला. तरीही ज्या कॉलेजात जायचं आहे त्याच्या माहितीपत्रकातली पात्रतेची ओळ स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका.

वयाचं म्हणाल तर नीटला कमाल वयाची अट २०२२ मध्ये काढून टाकली. किमान १७ पूर्ण असलं की झालं. पस्तिशीतल्या माणसाने नीट द्यायला काही आडकाठी नाही. मात्र प्रत्येक संस्थेचे स्वतःचे नियम असू शकतात, तेवढं बघून घ्या.

नीट कशाला? महाराष्ट्रात ऑक्युपेशनल थेरपीचे प्रवेश नीटच्या गुणांवर होतात. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली मुंबईत के.ई.एम., नायर, सायन ही महापालिकेची कॉलेजं आणि नागपूरचं सरकारी मेडिकल कॉलेज हे जुने, नावाजलेले आणि फीच्या मानाने परवडणारे पर्याय. कर्नाटकात मणिपालला हा अभ्यासक्रम चांगला आहे, पण ते अभिमत विद्यापीठ, तिथली फी नीट बसून मोजावी लागते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातही तो शिकवतात. शिवाय केंद्र सरकारच्या संस्था आहेत: कटकजवळ ओलातपूरची स्वामी विवेकानंद संस्था, कोलकात्याची लोकोमोटर डिसॅबिलिटीजची राष्ट्रीय संस्था, दिल्लीची दीनदयाळ उपाध्याय संस्था. त्या स्वतःची सामाईक प्रवेश परीक्षा घेत आल्या आहेत. २०२१ च्या कायद्याने अलाइड आणि हेल्थकेअर व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आला. तेव्हापासून अभ्यासक्रम आणि प्रवेश सगळीकडे एका साच्यात आणायचं काम चालू आहे. म्हणून माझा सल्ला सरळ आहे: कुठेही जायचं असो, नीटची तयारी धरूनच चाला.

नीटमध्ये १८० प्रश्न, ७२० गुण, आणि त्यातले ९० प्रश्न एकट्या बायोलॉजीचे. दहा वर्षं हिशेबाच्या वह्यांत घालवलेल्याला फिजिक्स जड जातं. त्याने बायोलॉजी घट्ट करावं आणि फिजिक्सला सावरून घ्यावं. इथे एमबीबीएसची स्पर्धा जिंकायची नाही, ऑक्युपेशनल थेरपीचे प्रवेश त्याच्यापेक्षा बरेच खालच्या गुणांवर होतात. चुकीच्या उत्तराला एक गुण जातो, म्हणून अंदाजाने गोळे मारू नका.

आता सीमाभागातली खास अडचण. नीटची प्रश्नपत्रिका मराठीत मिळते, पण ती महाराष्ट्रातल्या केंद्रांवरच. बेळगावचं केंद्र भरलंत तर तुमच्यापुढे इंग्रजी, हिंदी, उर्दू आणि कन्नड एवढेच पर्याय राहतात. मराठी माध्यमात शिकलेल्या, दहा वर्षांनी पुस्तक हाती घेतलेल्या माणसाला हा फरक फार पडतो. ज्याला मराठीतून पेपर हवा त्याने फॉर्म भरतानाच कोल्हापूर केंद्र मागावं. बेळगावहून सुमारे ११० किलोमीटर, निपाणीकरांना तर ते बेळगावपेक्षा जवळच. आदल्या रात्री जाऊन राहा, पहाटेच्या एसटीच्या भरवशावर राहू नका. पण एक आधीच सांगते, पुढचं सगळं शिक्षण इंग्रजीतून आहे. पेपर मराठीत दिलात तरी पुस्तकं इंग्रजीच वाचायची सवय आतापासून लावा.

दुसरी गोष्ट राज्याची. आपली मुलं शिकतात कर्नाटकात, त्यामुळे महाराष्ट्राच्या राज्य कोट्यात ती आपोआप बसत नाहीत. त्यासाठी दहावी-बारावी तिथली आणि तिथला अधिवास लागतो. मात्र महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या, मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राच्या व्यावसायिक प्रवेशांत वेगळी तरतूद आहे. फॉर्मवर ती 'एमकेबी' या अक्षरांनी दिसते. आपलं गाव यादीत आहे का ते बघा आणि तुमच्या वर्षी ती तरतूद कोणत्या अभ्यासक्रमाच्या किती जागांना लागू आहे, हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकात वाचा. गेल्या वर्षी चुलतभावाला मिळाली म्हणून यंदा आपल्याला मिळेल असं धरून चालू नका. जातीच्या दाखल्याचंही तसंच. कर्नाटकात काढलेल्या दाखल्यावर महाराष्ट्रात राज्याचं आरक्षण मिळत नाही. उलट कर्नाटकातल्या सरकारी कोट्यासाठी पहिली ते बारावीपैकी सात वर्षं कर्नाटकात शिकल्याचा दाखला लागतो आणि तो आपल्या बहुतेकांकडे असतो. मुलांना या रस्त्याची आठवणच राहत नाही, कारण सगळं लक्ष कोल्हापूर-मुंबईकडे लागलेलं असतं.

कागदांवर मी हट्टाने बोलते, कारण माझी पहिली फेरी कागदांपायी गेली. माझ्या पीयूच्या मार्क्स कार्डावर वडिलांचं फक्त आद्याक्षर होतं, पदवीवर पूर्ण नाव, आणि आधारवर आडनाव आधी. तिन्ही कागद एकाच बाईचे आहेत हे पटवून देईपर्यंत मुदत टळली. तेव्हा नाव एकसारखं नसेल तर आताच ॲफिडेव्हिट करून ठेवा. नाडकचेरीतून, म्हणजे कर्नाटकातल्या स्थानिक महसूल कचेरीतून, मिळालेले दाखले कन्नडमध्ये असतील तर इंग्रजी प्रत मागून घ्या, नाही मिळाली तर भाषांतर साक्षांकित करून घ्या. जुन्या कॉलेजची टीसी आणि मायग्रेशन काढायला लागणारा वेळ हिशेबात धरा. आणि मधल्या वर्षांचं गॅप ॲफिडेव्हिट करा. त्यात नोकरीची वर्षं लिहायला लाजू नका.

अमेरिकेत हीच गोष्ट वेगळी चालते. तिथे दुसऱ्या कोणत्याही विषयाची पदवी घेतलेला माणूस थेट मास्टर्स किंवा डॉक्टरेट पातळीच्या ऑक्युपेशनल थेरपी अभ्यासक्रमाला अर्ज करू शकतो. आधी शरीररचना, शरीरक्रिया, मानसशास्त्र, संख्याशास्त्र असे ठरावीक विषय पूर्ण केलेले लागतात, अर्ज बहुतेक एकाच सामाईक पोर्टलवरून जातो, आणि अनेक कॉलेजं विचारतात की तुम्ही थेरपिस्टच्या शेजारी बसून किती तास काम पाहिलंत. शिवाय एक निबंध लिहावा लागतो: हे क्षेत्र का? ब्रिटनमध्येही दुसऱ्या विषयाच्या पदवीधराला दोन वर्षांच्या मास्टर्समधून या पेशात येता येतं. परदेशी जायचा विचार आणि पैशाची सोय असेल तर बी.ई. झालेल्याला तो मार्ग इथल्या साडेचार वर्षांपेक्षा छोटा पडू शकतो. मात्र पुढे कुठल्या देशात काम करायचं आहे ते आधी ठरवा, कारण नोंदणी त्या त्या देशाची असते.

मला त्यांची एक पद्धत फार आवडते, ती म्हणजे आधी बसून पाहायची. आपल्याकडे प्रवेश गुणांवर होतो, 'का' असं कुणी विचारत नाही. त्यामुळे एमबीबीएस हुकलं म्हणून इकडे आलेली मुलं पहिल्या वर्षी गोंधळून जातात. नोकरी सोडून येणाऱ्याला तो धोका परवडणारा नाही. म्हणून राजीनामा देण्याआधी निदान आठ-दहा दिवस एखाद्या ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या परवानगीने तिच्या विभागात बसा. मोठ्या हॉस्पिटलांच्या पुनर्वसन विभागात, विशेष मुलांच्या शाळांत, जिल्हा पातळीवर लहान मुलांसाठी चालणाऱ्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत विचारून बघा. बेळगावात सोय झाली नाही तर कोल्हापूर, हुबळी, पुणे. सोबत वही ठेवा, रुग्णांची नावं लिहू नका. एकच काम निवडा, समजा ब्लाउजचं बटण लावणं, आणि त्याचे तुकडे करून लिहा: बटण दिसणं, चिमटीत धरणं, दुसऱ्या हाताने कापड ताणणं, भोकातून ढकलणं, पलीकडून ओढणं. यातल्या कोणत्या तुकड्यावर हात अडतो? आम्ही याला कामाचं विश्लेषण म्हणतो, आणि कॉलेजात चार वर्षं वेगवेगळ्या तऱ्हेने हेच शिकवतात.

तुमचा जुना अनुभव इथे उपयोगी पडतो. बेळगावच्या वडगाव-शहापुरातल्या विणकराच्या घरातली मुलगी मागावर कोणत्या बोटाला किती ताण येतो ते न सांगता जाणते. फाउंड्रीत काम केलेल्याला ठाऊक असतं की दोन बोटं गेलेला माणूस कोणत्या मशीनवर परत उभा राहू शकेल आणि कोणत्या नाही. मी लॅबमध्ये एकाच मोजमापाला रोज त्याच रीतीने बसायचे. पुढे रुग्णाच्या सांध्याची हालचाल गोनिओमीटरने मोजताना तीच सवय कामी आली. पहिल्या वर्षाची ॲनाटमी मात्र सगळ्यांना सारखीच छळते. सत्ताविसाव्या वर्षी हाताच्या मज्जातंतूंची नावं पाठ करताना मी रडले आहे.

पैशाचं थोडक्यात सांगते. फीपेक्षा मोठा खर्च म्हणजे साडेचार वर्षं न मिळालेला पगार. तो कागदावर मांडा आणि घरच्यांसमोर ठेवा. मी माझा प्रॉव्हिडंट फंड मोडला, वसतिगृहात राहिले, दोन दिवाळ्या घरी आले नाही. माझे बाबा वर्षभर माझ्याशी धड बोलले नाहीत. राग माझ्या शिक्षणावर नव्हता, पक्की नोकरी सोडल्याचा होता. शैक्षणिक कर्ज घ्यायचं असेल तर बँकेला वयाची आणि सहकर्जदाराची अट आधी विचारा. आणि कॉलेज निवडताना त्याची मान्यता तपासा, म्हणजे पुढे राज्य परिषदेकडे नोंदणीला अडचण येणार नाही. एक गैरसमज वारंवार ऐकते म्हणून सांगते: विशेष शिक्षक, वाचा-श्रवणतज्ज्ञ यांची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे होते. ऑक्युपेशनल थेरपी २०२१ च्या कायद्याखाली येते. जाहिरातीत भलत्याच परिषदेचं नाव दिसलं तर तिथे पैसे भरू नका.

खानापूरची एक मुलगी गेल्या वर्षापासून मला फोन करते. बी.कॉम., सहकारी सोसायटीत क्लार्क. तिच्या धाकट्या भावाला सेरेब्रल पाल्सी आहे आणि त्याला बेळगावला थेरपीला न्यायची पाळी तिचीच असते. पहिल्या फोनवर तिने विचारलं होतं, "ताई, मी कॉमर्सची, मला कोण घेणार?" मी तिला एन.आय.ओ.एस.चा फॉर्म भरायला लावलं. तीन विषय, सोसायटी सुटल्यावर अभ्यास, रविवारी फिजिक्सचा क्लास. परवा तिचा फोन आला. बायोलॉजीच्या प्रॅक्टिकलची वही पूर्ण करत होती. म्हणाली, "ताई, हृदयाची आकृती तीनदा काढली, तरी डावं-उजवं चुकतंय की." मी तिला सांगितलं, आकृतीतला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो, म्हणून त्याचं डावं आपल्या उजव्या हाताला येतं. तिने फोन चालू ठेवूनच चौथ्यांदा काढली.